गिअरचा हात

प्रिय आरोही,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. शेळी व्याली, दोन करडं झाली, आणि तुझी आजी त्यांच्याशी तुझ्यापेक्षा जास्त बोलते. हे पत्र बंकटकाकांच्या हाती देते आहे. या आठवड्यात पुण्याच्या गाडीवर तेच कंडक्टर आहेत. फोन असताना आईला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. सांगते, पण आधी बाकीचं ऐक, कारण सध्या माझं डोकं जात्यासारखं फिरतंय आणि पीठ काही पडत नाही.

बाबांच्या हाताची हकीकत तुला ठाऊक आहे, पण वरवरची. कडबाकुट्टीत त्यांचा हात गेला... नाही, ‘गेला’ म्हणायचं नाही, ‘सापडला’ म्हणायचं, हे मी स्वतःलाच रोज बजावते आणि रोज चुकते. ऑपरेशन झालं, तुटलेल्या कंडरा, म्हणजे बोटं ओढणारे आतले दोर, डॉक्टरांनी जोडल्या, टाके भरून आले. राहिलंय ते बोटं वळवायचं आणि मूठ आवळायचं. येत्या सोमवारी त्यांची तपासणी आहे. त्यात पास झाले तर पुन्हा एसटीच्या स्टिअरिंगवर, नाहीतर आगारात कुठंतरी स्टुलावर. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला स्टुलावर बसवायचं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. आणि नेमका डावा हात, म्हणजे गिअरचा. मला जेवण गोड लागेना झालंय.

बीडला व्यायामाला जातो तिथं प्रियदर्शनी मॅडम म्हणून आहेत. तुझ्याच वयाच्या असतील, पण आवाजात जरब. त्यांच्याकडे मूठ आवळायचं एक यंत्र आहे, दाबलं की काटा सरकतो. मागच्या महिन्यात बाबा ते दाबायला बसले आणि मी सवयीनं म्हणाले, “हळू हो, दुखेल. जमेल तेवढंच दाबा.” काटा जेमतेम हलला. मॅडमनी मला गोड बोलून बाहेर काढलं. मी कसली ऐकते, दाराच्या फटीशी डोळा-कान लावून उभी राहिले. त्या म्हणाल्या, “काका, मांजरसुंब्याचा घाट लागलाय, गाडी खच्चून भरलीय. टाका गिअर!” बाबांनी जबडा आवळला, आणि तो काटा असा सरकला म्हणतेस! तोच हात, तीच सकाळ. मी आत धावत गेले आणि विचारलं, ही काय जादू म्हणायची? मॅडम म्हणाल्या, “जादू नाही मावशी. बोलून तुटलेली कंडरा जुळत नसते. पण जुळलेल्या हाताला भीती असते. ‘दुखेल’ म्हटलं की तो आधीच आखडतो.”

झालं, त्या दिवसापासून मी घरात नियम केला. ‘जपून’, ‘राहू द्या’, ‘दुखतंय का’ हे सगळं बंद. विचारायचं ते एवढंच, की आज काय काय केलं. पण आपलं गाव कसं आहे! आजाऱ्याला भेटायला यायचं म्हणजे आधी मनसोक्त हळहळायचं, त्याशिवाय चहा उतरत नाही. दगडाबाई उंबऱ्यातूनच सुरू झाल्या, “आगं बाई, हात गेला की गं! माझ्या मावसदिराचा आसाच गेलता, शेवटपातूर त्या हातानं घास न्हाई उचलला त्यानं!” मग मी दारातच उभी राहायला लागले. चहा मिळेल, पण हाताचं नाव काढायचं नाही. सर्जेरावभावजी त्यावर कपाला हात न लावता परत गेले. “भेटाया यायचं आन हळहळायचं बी न्हाई, मग यायचं कावून?” त्यांचंही खरंच आहे म्हणा. गावात मी आता आगाऊ ठरले आहे, ठरू दे. पण बाबा डाव्या हातानं करडू धरून त्याला बाटलीनं दूध पाजायला लागले होते. मी मागून बघायची आणि तोंडातून शब्द निघू नये म्हणून पदर चावायची.

अशात आगारातली माणसं आली. तुला माहीत आहे, आपल्या जिल्ह्यात माणूस नुसता शिंकला तरी त्याचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं प्रेमानं आणलेलं. ‘जीवावरच्या संकटातून वाचलास गड्या’, एवढंच त्यांना बाबांना म्हणायचं होतं. पंडित मेकॅनिक भाषणाला उभे राहिले. “रामकिसनरावांनी लई गाड्या हाकल्या. आता बिनघोर आराम करा, आमी हाय!” टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही, कारण आगारात शाल घालतात ती रिटायर होण्याच्या दिवशी. त्या भल्या माणसांच्या हे ध्यानीमनी नव्हतं. बाबांनी नारळ उजव्या हातात घेतला, डावा शालीखाली गेला. पुढच्या खेपेला यंत्राचा काटा पुन्हा रुसला आणि मॅडमचा घाटही कामाला आला नाही. सावरायला त्यांना बरेच दिवस लागले, पण सावरले. मीही जरा श्वास सोडला होता.

आता पत्राचं कारण. रविवारी तुझा फोन आला. फोन हल्ली ते मांडीवर ठेवून स्पीकरवरच बोलतात, म्हणून तुझं-माझं एकही बोलणं त्यांच्या कानाआड होत नाही. तू म्हणालीस, “बाबा, आता तुम्ही काहीच करायचं नाही. मी कमावते ना? मी आहे.” लेकीनं असं म्हणावं याहून सुख कोणतं! माझेही डोळे भरले. ते नुसते “बरं बाई” म्हणाले. फोन ठेवल्यावर उठले, आणि सोमवारसाठी मी इस्त्री करून ठेवलेले खाकी कपडे ट्रंकेत अगदी तळाला घालून आले. दगडाबाईंचं बोलणं त्यांनी झटकलं, पंडितरावांचं पचवलं. तुझं मात्र ते ऐकतात गं, लहानपणापासून ऐकत आलेत. म्हणून तुला लिहिते आहे. तपासणीसाठी तू शनिवारी येतेच आहेस, उतरशील तेव्हा आम्ही दोघं स्टँडवर असू. हाताचं विचारू नकोस, त्याच्याकडे आधी बघू नकोस. “बाबा, ही बॅग घ्या, माझे हात भरून आलेत,” एवढंच म्हण, त्यांच्या डाव्या अंगाला ती ठेव आणि चालू लाग. मॅडमना मी विचारून घेतलंय, तेवढं वजन चालतं. बॅग पडली तर पडू दे. तू वाकायचं नाहीस, मीही नाही, मग माझ्या काळजाचं काय व्हायचं ते होवो. आणि बॅग खरंच जड आण. नावापुरती आणलीस तर ती उचलताक्षणी त्यांना कळेल, की त्यांच्या लेकीलाही त्या हाताचा भरवसा नाही.

तुझीच,
शनिवारची धास्ती घेऊन बसलेली
आई