बावीस बटणांची खोळ

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (मान ताठ ठेवून केलेला आहे, पण नमस्कारच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? आम्ही दोघं ठणठणीत. तुझी विजेची मोटारसायकलही आता बरी आहे. ‘आता’ या शब्दापाशी तू थांबशील हे मला ठाऊक आहे, म्हणून तर हे पत्र.

पंचवीस तारखेला तू गाडी परत न्यायला येणार, आणि ह्यांनी मला न विचारता तुला फोनवर सांगून टाकलं की गाडी मेली, भंगारवाल्याला बोलावू का. त्यावर तू म्हणालास, ‘तिच्या हाती दिली तेव्हाच मला वाटलं होतं.’ हे वाक्य ह्यांनी मला जेवताना, दुसऱ्यांदा भात वाढून घेता घेता ऐकवलं. दादा, एकतीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवते आहे. माझ्या दुकानातून आजवर कुणाचं अस्तराचं चिंधूकसुद्धा हरवलेलं नाही, आणि मी हयगय केली? उलट मी जरा जास्तच काळजी घेतली, आणि गाडीला ती सोसली नाही, हे खरं कारण आहे.

तू बदलीच्या गावी जाताना पडवीत गाडी लावलीस आणि म्हणालास, ‘जप हिला.’ (पुढे दर रविवारी चालव, चार्ज करत राहा असंही काही म्हणालास, पण मुख्य वाक्य ‘जप’ हेच होतं.) मग मी जपलं. जाड कापडाची दुहेरी खोळ शिवली, आतून मऊ अस्तर, कडेला गोट, दोन्ही आरशांना वेगळ्या बाह्या, आणि पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत बावीस बटणं, काजं सगळी हाताने केलेली. दुकान बंद झाल्यावर ब्लाउज टाकायला घरी येणाऱ्या बायका ती बघत उभ्या राहत. एक बाई तर दुसऱ्या दिवशी आपल्या सोफ्याचं माप घेऊन आल्या. आता ही खोळ काढायला वीस मिनिटं लागत आणि परत घालायला चाळीस, कारण आरशांच्या बाह्या. तूच सांग, एवढा खटाटोप दर रविवारी कोण करेल? गाडी चौदा महिने त्या खोळीत नवरीसारखी उभी राहिली. ती बंद असली तरी आतलं घड्याळ आणि चोर आल्यावर कोकलणारा भोंगा दिवसरात्र थोडी थोडी वीज पीत असतात, हे मला कुणी सांगितलं होतं?

तुझा निरोप आला तेव्हा मी खोळ उतरवली. किल्ली फिरवली, काही नाही. चार्जर लावला, तर लाल दिवा तीनदा मिचकला आणि विझला. शोरूमच्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, दोन्ही बॅटऱ्या इतक्या खाली गेल्यात की चार्जर त्यांना बॅटरी म्हणून ओळखतच नाही. आणि वर, ‘ताई, हे मॉडेल बंद झालंय. माया सोडा.’ मी म्हटलं, माया सोडायला मी काय संन्यास घेतलाय? तो पाणी पिऊन गेला. हे मागून म्हणाले, ‘ऐक त्याचं, तो शिकलेला आहे.’ त्याच क्षणी मी ठरवलं की गाडी चालू करायचीच.

माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून रेडिओ दुरुस्त करणारे काका आहेत. दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्यांतली दोन माझ्यासाठी खर्च केली. ‘आधी बघू. फुगलेली निघाली तर हात लावायचा नाही.’ दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढल्या (आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू लागलो), अंगणाच्या मधोमध भिंतीपासून लांब ठेवल्या, शेजारी वाळूची बादली. काकांकडे वीज अगदी बेताने सोडणारं एक यंत्र आहे. लांबलेल्या उपासानंतर माणसाला ताटभर वाढत नाहीत, चमच्याने भरवतात, तसं त्यांनी सुरू केलं. माझं काम दर दहा मिनिटांनी व्होल्टेजचा आकडा लिहायचा आणि बॅटरी तापली का ते हाताने बघायचं. लिहायला मापांची वहीच हाताशी होती, त्यामुळे आकडे छाती, कंबर, खांदा या रकान्यांत पडले. परिणामी सोफावाल्या बाईंचं ब्लाउज मी बेचाळीस छातीचं कापलं. बाई चौतीस आहेत. बेचाळीस थोरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने मूळ चार्जर स्वीकारला. हिरवा दिवा लागला तेव्हा काका चक्क ‘वा’ म्हणाले. धाकटीचं मात्र जमेना. वीज लावली की आकडा चढे, काढली की घसरे. तिसऱ्या दिवशी माझ्या हाताला तिची एक बाजू उचललेली लागली. काकांनी तत्काळ वायर काढली. ‘हिला सोडा आता.’ मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही विचारलं. तू म्हणशील, तू आणि गप्प? हो, गप्प. माझा हट्ट मोठा आहे, पण अंगण लहान आहे.

तुझी गाडी एका बॅटरीवरही चालते, फक्त अर्धं अंतर. ते तरी टिकतं का हे चालवूनच कळणार होतं. काका फक्त सायकलवर बसतात. हे म्हणाले, ‘माझी कंबर.’ मग मीच ओढणी कमरेला बांधली आणि मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत तोल गेला, पण गाडीला ओरखडा नाही, तो माझ्या कोपराला आहे. तेव्हा ‘तिच्या हाती दिली’ हे वाक्य मागे घे. पत्राने घे, फोनवर नको. फोन हे उचलतात.

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण
(हयगय न करणारी)

ता. क. : धाकटी अंगणात वाळूत आहे. जुन्या बॅटऱ्या नेणारा माणूस गुरुवारी येतो. तू लवकर आलास तरी तिला हात लावू नकोस.

आणखी ता. क. : माझ्या मागच्या पत्रांतल्या रविवारच्या रपेटी, तो नदीकाठ, ते वारं, सगळं मनानेच रचून लिहिलेलं होतं. गाडीवरचा किलोमीटरचा आकडा तुला सांगेलच, म्हणून आधी मीच सांगते. मैदानातली ती पहिली फेरी माझ्या आयुष्यातली पहिली. वारं मात्र मी बरोबर लिहिलं होतं.

शेवटचा ता. क. : खोळ उसवून सोफावाल्या बाईंना दिली, ब्लाउजची भरपाई म्हणून. आता रोज दुकानात गाडीनेच जाते. थोरली अठरा किलोमीटर जाते. त्यात माझं दुकान बसतं, बाजार बसतो, बसस्थानक बसतं. तुझं घर एकशे दहावर आहे, ते बसत नाही. तेव्हा पंचवीसला गाडी न्यायला नको, नुसता ये. बसस्थानकावर मी घ्यायला येईन. हेल्मेट आण, माझ्याकडे एकच आहे.