एक लिटरची बाटली

सोमवार, ४ मार्च
वीट आलाय. डायलिसिसआधी वजन केलं, शुक्रवारपेक्षा चार किलो जास्त. एवढं पाणी अंगात साठलंय म्हणे. काटा बिघडलाय, दुसरं काय. टेक्निशियनला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, आजी, काटा फक्त तुमच्यावरच रुसतो का. मी याची आजी कधी झाले?

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, पाच मिनिटांनी परत विचारले. दोन सांगितले. उरलेले तीन लक्षात ठेवण्याच्या लायकीचे नव्हते. डायलिसिसच्या पेशंटचं डोकं कधीकधी मंदावतं म्हणाले. मंदावत असेल. मी शिकवलेल्या सातवी अची हजेरी मला अजून ओळीने पाठ आहे, बेचाळीस मुली.

लेकीने बजावलंय, पुन्हा वजन वाढलं तर एकटं राहणं बंद, माझ्याकडे यायचं.

संकल्प: दिवसाला एकच लिटर. सकाळी बाटली भरायची, रात्रीपर्यंत पुरवायची. वेळ इथे लिहायची. लेखी पुरावा.

मंगळवार, ५ मार्च
सकाळी ७. बाटली भरली.

९.३०. लहानपणीचा, कॉन्व्हेंट शाळेतला नळ आठवला. आम्ही ओंजळीने प्यायचो. आमच्या मुख्याध्यापिका, मदर, म्हणायच्या, घटाघट आवाज करू नका. काय गार पाणी होतं ते.

११. बाटली भरली. आता रात्रीपर्यंत बघायचं नाही.

दुपारी ४. शेजारीण आली. डोळे सुजलेत म्हणाली. स्वतः आरशात बघत नसावी. ती गेल्यावर बाटली भरली. शिस्त म्हणजे शिस्त.

बुधवार, ६ मार्च
पुन्हा साडेतीन किलो जास्त. शिसारी आली. काटा नवा आणलाय म्हणे. नवाही तसलाच. लेक शेजारीच बसून होती. उद्या ही वही तिच्यापुढे ठेवते.

गुरुवार, ७ मार्च
द्यायच्या आधी शुद्धलेखन तपासायला लाल पेन्सिल घेतली, शाळेची सवय. मंगळवारचं पान. सात, अकरा, चार. तिन्ही ‘बाटली भरली’ अधोरेखित केली. अक्षर माझंच, वळणदार.

पान फाडणार होते. मदर वहीचं पान फाडणारीला दिवसभर उभं करायच्या. वही तशीच दिली. लेकीने वाचली, चष्मा पुसला, आणि माझ्या साड्या कुठल्या कपाटात आहेत ते विचारलं.

रविवार, १० मार्च
लेकीच्या घरी. खोली बरी आहे. पडद्यांचा रंग मात्र ओकारी आणणारा. बाटली आता लेक भरते. सकाळपासून मी एकदाच पाणी मागितलं. ती म्हणते, चार वेळा.

वेळा लिहून ठेवल्यात तिने. अक्षर माझ्यावर गेलंय.