कान नसलेलं कातडं

अप्पा,

आज पेपरात आलंय, आपल्या नगर जिल्ह्यातले लांडगे वाचवायला सरकारने पैसे मंजूर केलेत. लांडगे मोजणार, माळरानं राखणार. वाचलं आणि पहिला विचार काय आला सांगू? मोजणार कोण, आणि मोजणाऱ्यावर नजर कोण ठेवणार? नातू हसला. म्हणाला, "आजी, तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं." दिसणारच. मुलगी कुणाची!

तुमच्या वेळी सगळं उलटं होतं. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं, इंग्रजांचं सरकार, तालुक्याची कचेरी, तुम्ही तिथले अव्वल कारकून. मारलेल्या लांडग्याचं कातडं आणून दाखवायचं नि सरकारी बक्षीस न्यायचं. तेच कातडं पुन्हा कुणी आणू नये म्हणून बक्षीस दिलं की तुम्ही त्याचे दोन्ही कान कात्रीने कापून टाकायचात. कोल्ह्याचं कातडं कुणी लांडग्याचं म्हणून खपवायला आला, की शेपूट आणि पंजे उलटेसुलटे करून बघायचात आणि "मला शिकवतोस होय रे?" म्हणून त्याला वाटेला लावायचात. घरी आई दूध घ्यायला दारात गेली तरी आतून तुमचा आवाज, "पाणी किती घातलंय विचार त्याला!" कचेरीमागेच आपलं बिऱ्हाड. मी आठ वर्षांची, आणि मला अगदी तुमच्यासारखं व्हायचं होतं.

त्या दुपारी तुम्ही घरी जेवायला आलेले. एक धनगर बाई कचेरीच्या ओसरीवर लांडग्याचं कातडं ठेवून आडावर पाणी प्यायला गेलीय. मी तुमच्या टेबलावरची कात्री घेते, मांडी घालून बसते, तुमच्यासारखी खाकरते आणि दोन्ही कान कापते. किती जड जातं ते! कान कुंपणाबाहेर भिरकावले, कुत्र्याने लगेच पळवले, कात्री मी जागेवर ठेवली. काही चुकलं असं वाटलंच नाही, उलट अप्पांचं काम केलं म्हणून केवढा दिमाख.

मग तुम्ही आलात. कातडं उचललंत आणि आवाज चढला. "कान कुठायत? पैसे दिलेलं कातडं चोरून परत आणलंस?"

बाई वाकून कातडं चाचपत राहिली. "आत्ता व्हते की जी! माजी पाच कोकरं खाल्ली त्यानं, म्या कशाला चोरू? देवाशपत, आत्ता व्हते."

मी खांबाशी उभी. सांगायला तोंड उघडलं आणि तुमचा चेहरा पाहून मिटलं. तुम्ही रिपोर्ट लिहिलात. तिच्या माणसांना सरकारी कुरणात मेंढरं चारायचा परवाना होता, तो त्यापायी गेला. भर उन्हाळ्यात ती माणसं कळप घेऊन भीमेकडे निघून गेली, कपाळावर चोरीचा शिक्का घेऊन.

आता माझा संशय सांगते. इतकी वर्षं आत कुजतोय. रिपोर्ट लिहून झाल्यावर कागदाची कड कापायला तुम्ही कात्री उचललीत, तेव्हा पात्यांत राखाडी केस अडकलेले होते. काम झालं की कात्री स्वच्छ पुसून ठेवायची तुमची सवय, म्हणजे ते केस आदल्या दिवशीचे नव्हेत. तुम्ही ते धोतराच्या सोग्याला पुसलेत आणि माझ्याकडे पाहिलंत. आणि संध्याकाळी सणवार नसताना माझ्यासाठी रेवड्या आणल्यात. कशाला आणल्यात, अप्पा? दारातल्या दुधाचं पाणी आतून ओळखणाऱ्या माणसाला काहीच कळलं नाही, हे मी कसं मानू? आणि कळलं असेल, तर लिहिलेला रिपोर्ट फाडायला तुमचा हात का उठला नाही? मला वाचवलंत, की स्वतःची खुर्ची? मला राग येतो तुमचा, या वयातही येतो.

हे पत्र पाठवणार कुठे? तुम्हाला जाऊन जमाना झाला. आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्हाला कदाचित खरंच काही कळलं नसेल. मला मात्र सगळं माहीत होतं. ती बाई कातडं खांद्यावर टाकून रडत फाटकाबाहेर पडली, तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मला हुश्श वाटलं.