दोन्ही खांदे टेकवून

नाना, मी परत खेळायला लागलोय. तुमच्या तालमीतल्यासारखं मातीत नाही, जळगावात पिंप्राळ्याला एका गाळ्यात, रबरी गादीवर. जिउ-जित्सू म्हणतात. जाड पांढरा कोट घालायचा आणि समोरच्याचा गळा नाहीतर हात असा धरायचा की त्याने हार मानून आपण होऊन थाप मारावी. थाप पडली की लगेच सोडायचं. रविवारी धुळ्याला माझी पहिली स्पर्धा आहे. सुरू करून पाच महिने झाले. मी पाच महिने एका जागी, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. त्याआधी सुरतला साड्यांच्या घड्या घातल्या, रावेरला केळीचे घड ट्रकात भरले, वरणगावजवळ एका ढाब्यावर राहिलो. तिथला आचारी शेवभाजीच्या मसाल्यात काय टाकायचा ते मी चोरून बघितलंय, पण ते असो.

अडचण अशी की इथे पाठीवर पडलेला हरलेला नसतो. तो खालूनच खेळतो, पायांनी समोरच्याला कमरेत अडकवतो. मला ते जमतच नव्हतं. पाठ टेकायला आली की माझं अंग आपोआप पालथं होतं, तुम्ही शिकवलं तसं, छाती खाली, कोपरं आत. आणि इथे पालथं झालं की मागून गळा धरतात. माझे रोजचे जोडीदार एक मारवाडी शेठ आहेत, कापडाचं दुकान, पंचेचाळिशी, पोट सुटलेलं. त्यांनी एका संध्याकाळी चारदा असाच माझा गळा धरला. वर म्हणतात, "काय भो, पाठीला गळू झालंय का? गिऱ्हाईक नसलं की मी दुकानात कसा पडतो, तसा पड ना निवांत." शिकवणारे सर हसले नाहीत. म्हणाले, "असाच उलटत राहिलास तर धुळ्याला मिनिटभरही टिकणार नाहीस."

त्यांना काय सांगू? मला शिंदखेड्याकडच्या जत्रेतली ती कुस्ती दिसते. मी तेरा वर्षांचा, आभाळाकडे तोंड करून पडलोय, आणि तुम्ही कडेला उभे आहात. उठवायला येत नाही. सायकलवर मागे बसवून घरी नेताना एवढंच बोलता, "पाठ टेकनी का बठ्ठं सरनं. ध्यानमा ठेव." पाठ टेकली की सगळं संपलं, हे तेव्हापासून अंगात बसलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तालमीच्या मातीत ताक ओतत होतात. फावडं माझ्या हातात दिलंत आणि आदल्या दिवसाचा विषय काढला नाहीत. वर्षभराने मीच यायचं सोडलं, काही न सांगता. तुम्ही गेल्याचं मला सुरतेत कळलं, तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

काल शेठ अंगावर आले आणि मी उलटलो नाही. सावकाश, मुद्दाम, दोन्ही खांदे टेकवले. चोरी केल्यासारखं वाटलं. मग पाय त्यांच्या कमरेमागे अडकवले आणि कळलं, या मांड्या तर तुमच्याच बैठकांच्या आहेत. शेठ हलता हलेनात. त्यांचा हात ओढून कोपरापाशी ताणला, तसं "थांब रे बाबा, दालबाटी वर येते" म्हणत त्यांनी थाप मारली. सर म्हणाले, "हां. हेच रविवारी."

रविवारी मी आपण होऊन पाठीवर पडणार आहे. हरेनही. पण लढत संपेपर्यंत तिथेच असेन, एवढं मला आता वाटतं, आणि असं मला याआधी कशाबद्दलच वाटलं नव्हतं.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. काल शेठनी थाप मारल्यावर मी आधी दाराकडे बघितलं, तुम्ही उभे आहात का म्हणून. माझे टेकलेले खांदे बघायला तुम्ही नव्हतात. नाना, मला बरं वाटलं.