लाल रेघ, हिरवी रेघ

३ मार्च, सकाळी ७
उजव्या खांद्याचा स्नायू अर्धवट फाटला. कारण : गॅरेजमध्ये धाकट्या भावावर हातोडा फेकला. नेम चुकला नाही, मी चुकवला. गिऱ्हाइकाच्या गाडीची काच फोडून हातोडा मागच्या सीटवर गेला. या वयात एवढी ताकद कुणात आहे?
धाकटा म्हणतो, "दादा, आता डेंट काढायचं मशीन आणू. तू टेबलावर बस, बिलं बघ." टेबलावर! सव्वीस वर्षं पत्रे ठोकून सरळ केले, कुणापाशी शिकलो नाही. ठरलं : ३१ तारखेला सगळ्यांदेखत एक चेपलेला दरवाजा हाताने सरळ करायचा. नाही जमला तर मशीन येणार. जमला तर आधी दरवाजा, मग धाकट्याचं थोबाड.

५ मार्च
फिजिओवाल्या बाईंनी एक यंत्र घरी दिलं. अंगाला पट्ट्या चिकटवायच्या; स्नायू काम करू लागला की पडद्यावर रेघ चढते. हिरवी रेघ पाठीतल्या स्नायूची, ती चढायला हवी. लाल मानेजवळच्याची, ती झोपायला हवी. खांदा कानाकडे उचलायचा नाही.
"काका, जोर नको. नुसता हात सरकवा."
काका! हातोडी किती वजनाची असते, विचारलं. त्यांनी पुढची पट्टी चिकटवली.

९ मार्च
हिरवी मेलेली. लाल बहाद्दर. धाकट्याचं नाक डोळ्यांपुढे आणून हात उचलला, तर लाल पडद्याबाहेर. यंत्र किंचाळलं. शंभरपैकी शंभर, आणि मी नापास?

१० मार्च
चूक सापडली. बाईंची. ठोक्याचा जोर मानेतूनच येतो, हे मी सव्वीस वर्षं अनुभवतोय. पट्ट्यांची अदलाबदल केली. स्टीलच्या फूटपट्टीने मोजून, मणक्यापासून चार सेंटीमीटर. आता हिरवी चढते. यंत्र शीळ घालून शाबासकी देतं.

१४ मार्च
आजचे आकडे. नाक फोडणे : ४०. दात पाडणे : ६५. गळा आवळणे : ८८.
बायकोने विचारलं, कुणाला मारताय? म्हटलं, व्यायाम. "तोंड बघा आरशात. व्यायाम म्हणे!"
आरसा फोडला. डाव्या हाताने. उजवा ३१ तारखेसाठी राखून ठेवलाय.

२० मार्च
मान दगडासारखी. उजवीकडे वळत नाही. ताकदीचं लक्षण. म्हणून उजवीकडून आलेला सायकलवाला दिसला नाही. आपटलो. त्याची कॉलर धरली. त्यानेच उचलून कट्ट्यावर बसवलं, पाणी पाजलं. नेभळट.
बाईंना हिरव्या रेघेचा फोटो पाठवला. "कमाल केलीत काका!" आभार मानले. खुलासा केला नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

२७ मार्च
धाकटा घरी आला. "दादा, एकतीस तारीख राहू दे. आधी हात बरा कर." घाबरला! रेघ दाखवली. ९६. शिवाय खुर्ची लाथेने उलथवली. त्याने ती उभी केली, बायकोला "येतो वहिनी" म्हणाला आणि गेला. तयारी पूर्ण.

३१ मार्च
हातोडी उचलली. खांदा कानाला टेकला, हात छातीच्या वर जाईना. हातोडी सुटून दरवाज्यावर पडली. आधी एक डेंट होता, आता दोन. कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
मग ठरल्याप्रमाणे थोबाडाकडे वळलो. मूठ धाकट्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत पोचली. तिथेच थांबली. त्याने ती दोन्ही हातांत धरली.
"दादा, सोड आता."
दरवाजा निकृष्ट पत्र्याचा होता.

१ एप्रिल
धाकटा बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी पट्ट्या बघितल्या. मग म्हणाल्या, "तीन आठवडे तुम्ही फक्त भांडणाचा व्यायाम केलात, काका."
पट्ट्या त्यांच्या जागी गेल्या. हिरवी : शून्य. पाच वेळा शून्य.
पट्ट्या अंगावरच ठेवून शर्ट घालायला सांगितलं. जमेना. धाकट्याने बाही धरली, "सरकव." सरकवला. मग बटणं त्यानेच लावली. वरचं लावताना त्याचा गळा माझ्या हाताच्या टप्प्यात होता. पण हात बाहीत नीट गेला होता, कशाला हलवा.
बाई म्हणाल्या, मघाशी हिरवी चढली. सहा.
नोंद अचूक असावी म्हणून लिहिलं.
येताना गॅरेजमधलं टेबल मोजलं. दोन इंच बुटकं आहे.