काळा थर

प्रिय धाकट्या,

तू म्हणशील, हातात फोन असताना दादाला पत्र लिहायची काय अवदसा आठवली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. मी "अरे ऐक" म्हटलं की तुझं "दादा, तू फक्त सही कर" सुरू होतं. पत्राला मध्ये तोडता येत नाही. खोलीचं दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच. वरच्या चार ओळी वाचून खाली उडी मारायची तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळी मारू नकोस.

वकीलबाईंनी पाठवलेलं निवेदन मिळालं. दोनदा वाचलं. भाषा अगदी गुळगुळीत आहे, पण पहिल्याच परिच्छेदात 'नळी तुटली' लिहिलंय. नळी तुटलेली नाही, नळीच्या खालचा सांधा तुटला. त्यांना फरक कळत नसेल, मला कळतो. बाकी मतलब सरळ आहे: तेलाच्या विहिरीवर आपल्या शांत्या नळीचा सांधा तुटला तो खोदाईवरच्या मामांनी कमी आवळला म्हणून, आणि यंत्र बनवणारा माणूस या नात्याने मी तसं सोमवारी चौकशीच्या साहेबांना लिहून द्यायचं. ते दिलं की पांढरे बूट, म्हणजे ते पांढऱ्या बुटांतले पैसेवाले शेठ, ठरल्याप्रमाणे कंपनीत पैसा घालणार. मग नवी शेड, स्वतःची भट्टी, पोरांचे थकलेले पगार, आत्याने प्लॉट विकून आपल्याकडे ठेवलेली रक्कम, सगळं मार्गी. आणि मामा स्वतःच्या चुकीने मेले असं कागदावर कायमचं ठरणार. तसं ठरलं की त्यांच्या बायकोला भरपाईची दमडी मिळणार नाही. हे तुझ्या लक्षात आलंय की नाही ते मला सांगता येत नाही. वकीलबाईंच्या नक्की आलंय.

मी अजून सही केलेली नाही.

इकडे शेडमध्ये शुकशुकाट आहे. लेथवर कापडं टाकलीत. पोरं येतात, हजेरी लावतात, पत्ते कुटतात. मी आत गेलो की पत्ते खिशात जातात आणि सगळे उगाच फडकं घेऊन काहीतरी पुसायला लागतात. म्हातारा फिटर तेवढा तोंडावर विचारतो, "मालक, धाकटे मालक पैसे आणतायत ना? का आम्ही दुसरीकडे वशिला लावू?" परवा आत्या येऊन गेली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. म्हणाली, "मला तुमच्या यंत्रातलं काही कळत नाही रे. धाकट्याच्या जिभेवर भुलले आणि तुझ्या हातांवर विश्वास ठेवला. दोघांपैकी एक तरी खरं निघू दे म्हणजे झालं." मी तिला चहा पाजून रिक्षात बसवून दिलं. दुसरं काय करणार होतो.

तुला या कंपनीची सुरुवात आठवते का? मला रोज आठवते. मी विहिरी खोदणाऱ्या रिगांच्या दुरुस्तीच्या यार्डात टर्नर होतो. विहिरीवरून मोडकं सामान यायचं, वाकलेलं, चिरलेलं, आणि इंजिनियर लोक ते भंगारात टाकायला सांगायचे. मी ते भंगार वर्षानुवर्षं वाचलं. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही हे मी कधी लपवलं नाही आणि त्याची मला लाजही नाही. वाचनालयातली जाडी पुस्तकं आणली, अक्षरं सोडून आकृत्या पाहिल्या, मग आकृत्यांवरून अक्षरं लावली. कठीण खडक लागला की टोकाचं खोदणारं बिट उड्या मारतं, आणि तो हादरा पाइपांमधून थेट वरच्या माणसांच्या दातांपर्यंत येतो. बिटाच्या जरा वर बसून तो हादरा गिळणारी पुरुषभर उंचीची नळी मी बनवली. आत ताटल्यांसारख्या स्प्रिंगा, एकीवर एक. पोरांनी तिचं नाव शांत्या ठेवलं. कंपनी काढू म्हणालास तू. माझ्या अंगात बोलणं नव्हतं आणि तुझ्या अंगात बोलण्याशिवाय दुसरं काही नव्हतं, तेव्हा जोडी जमली. पहिल्या माहितीपत्रकात तू शांत्याचं चित्र उलटं छापलंस. मी दिवसभर तुझ्याशी बोललो नाही, आणि तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटलास, "आमचं यंत्र इतकं भारी आहे की कसंही लावा!"

पहिल्या चाचणीला मामांनीच शांत्या जोडला होता. साऱ्या रिगचे मामा, सख्खा भाचा एकही नाही. नळीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे यंत्र आहे का पाळणा? जमीन झोपायची आता." खोदाई सुरू झाल्यावर त्यांनी रिगच्या फरशीवर, कठड्याच्या कडेला, काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. ग्लासातला चहा थरथरला, पण सांडला नाही. मग तो उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "घ्या, तुमचं सर्टिफिकेट. पिऊन टाका, फ्रेम करू नका." मला आजवर मिळालेलं ते एकच सर्टिफिकेट.

त्यांची एक सवय तुला माहीत नसेल, कारण तू विहिरीवर फोटोपुरता यायचास. सांधा आवळताना दोन्ही बाजूंनी मोठे पाने लावतात, साखळीने ओढतात आणि किती जोर बसला ते काट्यावर बघतात. काटा आकड्यावर आला की मामा तो आकडा खच्चून ओरडायचे. इंजिनाच्या आवाजातही पार खालपर्यंत ऐकू जायचा. पोरं म्हणायची, "मामा, लिलाव चाललाय का?" ते म्हणायचे, "एकाने बघितलं तर चूक होते, चौघांनी ऐकलं तर होत नाही."

यंत्रांचं प्रदर्शन लागलं तेव्हा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तू एकटा शांत्या घेऊन गेलास. तू पाठवलेला फोटो मी दवाखान्यात पाहिला. काळ्या मखमलीवर, वरून दिवा सोडलेला, दोन्ही टोकांना लाल फीत बांधलेली, लग्नातल्या नवऱ्यासारखा दिसत होता. आईच्या डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून मी तिला फोटो वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुझ्या हातचं एवढं सुंदर असतं?" तिथंच पांढऱ्या बुटांनी तो पाहिला आणि म्हणाले, "एका विहिरीवर नीट चालवून दाखवा, मी पैसे घालतो." विहीरवाल्यांना घाई होती. तू प्रदर्शनातूनच ट्रक भरलास. विहिरीवर जाणाऱ्या प्रत्येक नळीच्या टोकाच्या आट्यांवरून माझा अंगठा फिरतो, हे तुला माहीत आहे. ती एकच नळी अंगठ्याखालून गेली नाही. मी फोनवर विचारलं, "आटे बघितलेस का?" तू म्हणालास, "एकदम चकाचक." आणि ते खरंच होतं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण निवेदनात ते एका ओळीत उरकलंय. काही दिवस खोदाई ठीक चालली. मग सगळं वर ओढलं. शांत्या फरशीच्या वर आला, मामा सांधा सोडवायला पुढे झाले, आणि पाना लावायच्या आत सांधा तुटून खालची जड नळी बिटासकट त्यांच्यावर आली. पांढरे बूट म्हणतात, "गेलेला माणूस परत येत नाही, राहिलेली कंपनी तरी वाचवू." वाक्य वाईट नाही. फक्त ते त्या फरशीवर उभं राहून म्हणून बघायला हवं.

मी मामांच्या घरी जाऊन आलो. एकच खोली, खिडकीत वाळत घातलेला त्यांचा कामाचा सदरा अजून तसाच. मामींनी भरपाईचं नावही काढलं नाही. मला म्हणाल्या, "सगळे म्हणतात त्यांनी नीट आवळलं नव्हतं. अहो, ते बरणीचं झाकण लावायचे ना, तर मला उघडायला शेजारणीला बोलवावं लागायचं. तुम्ही बनवणारे, तुम्हीच सांगा. त्यांनी खरंच कमी आवळलं का?" "बघून सांगतो" म्हणालो आणि उठलो. बाहेर जिन्यात उंच्या भेटला, समोरच्या पान्यावर असायचा तो. त्याने माझं मनगट धरलं. "दादा, मामांनी आकडा ओरडला. काटा मीपण बघितला. बरोबर होता. कुठंही उभं करा, हेच सांगेन." दोन माणसं खरं बोलत होती आणि सांधा तरी तुटला होता. मला ते घेऊन झोप येईना.

गुरुवारी चौकशीच्या ऑफिसात जाऊन मी तुटलेली टोकं पाहिली. साहेबांनी टेबलावर ठेवली आणि भिंग दिलं. धाकट्या, आपले आटे लेथवरून उतरतात तेव्हा पांढरे, चमकदार असतात. तसेच्या तसे जोरात आवळले तर धातू धातूला चावतो. म्हणून आपण ते रसायनात बुडवून त्यांच्यावर काळा थर चढवतो. दिसायला राखेसारखा, मळकट. पण ग्रीस धरून ठेवतो तो थरच. तो नसला की ग्रीस पिळून बाहेर जातं, आटे एकमेकांना चावून अडतात आणि काट्याला वाटतं, घट्ट बसलं. आकडा पुरा येतो आणि सांधा आत अर्धवटच बसलेला असतो. मग प्रत्येक हादऱ्याला तो थोडा थोडा लवतो, आणि एके ठिकाणी चिरतो. मामांचा काटा खोटं बोलला. मामा खोटं बोलले नाहीत, आणि त्यांनी कमीही आवळलं नाही.

थर घासून गेला असेल असं मी स्वतःला म्हणून पाहिलं. पण टोकाच्या कडेचा जो भाग कशालाच लागत नाही, तिथंही थर नव्हता. आट्यांच्या खोबणीत पांढरट, वाळलेलं काहीतरी बसलं होतं. नखाने काढून वास घेतला. पॉलिशची पेस्ट. साहेब म्हणाले, "काय वाटतं?" मी म्हटलं, "सोमवारी लेखी देतो." तिथून मी थेट प्रदर्शनाच्या गावी गेलो. हॉलच्या मागच्या गल्लीत भांड्यांना आणि मोटारींच्या सामानाला पॉलिश करणारा एक जण आहे. त्याला तो दांडगा पाइप चांगला आठवत होता. म्हणाला, "तुमचे भाऊ का ते? दिवसभर माझ्या डोक्यावर उभे होते. मी म्हटलं, अहो, हे टोकाचं काळं राहू द्या, इथं चाक पोचत नाही. तर म्हणाले, ब्रशने कर, हाताने कर, पण एक डाग ठेवू नकोस. आरसा झाला पाहिजे. माझ्या दादाचं काम आहे."

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. तुला शिव्या द्याव्यात असं फार वाटलं, एकही सापडली नाही. तुला त्या थराचं काम माहीत नव्हतं. तुला तो मळ वाटला, आणि माझ्या कामावर मळ दिसू नये असं तुला वाटलं. तू आजही मनापासून समजतोस की मामांनी कमी आवळलं. म्हणूनच हे तुला वकीलबाईंच्या किंवा साहेबांच्या तोंडून कळू द्यायचं नव्हतं.

हे पत्र आपल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडे देतोय, उद्या शनिवारी तुला मिळेल. सोमवारी मी वकीलबाईंचं निवेदन देणार नाही. मामांनी बरोबर आवळलं होतं आणि थर विहिरीवर जायच्या आधीच काढलेला होता, असं मी माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय. पांढरे बूट त्याच दिवशी पाठ फिरवतील, शेड जाईल, आत्याला मला तोंड दाखवता येणार नाही. ते मी बघेन. पण साहेब पुढचा प्रश्न विचारणारच: थर काढला कोणी? तेवढी जागा मी कोरी सोडलीय. सकाळी ऑफिस उघडतं तेव्हा जिन्याखालच्या बाकावर मी बसलेला असेन. तू आलास तर तुझं तू सांग, मी तुझ्या शेजारी उभा राहीन, आणि तिथून आपण दोघं मामींकडे जाऊ. नाही आलास तर तुझं नाव मला घ्यावं लागेल, आणि मी घेईन. तू जन्मलास तेव्हा आई मला म्हणाली होती, याचं नाव तू ठेव, तुझा भाऊ आहे. मी सबंध दुपार विचार करून ठेवलं होतं. ते नाव त्या टेबलासमोर माझ्या तोंडून येऊ देऊ नकोस.

काहीही झालं तरी तुझाच,
दादा