हातानं टाकायचा शब्द

रविवार, १२ जानेवारी

बाबा, आज तुमच्या छोट्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बदलली. सकाळी नऊला बसलो, काम चारला संपलं. मधे दोनदा चहा झाला, जेवण तिथेच टेबलावर. थंडी आहे. आई अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगांचे सोले काढत होती आणि दर तासाला आत वाकून विचारत होती, "झालं काय रे?" तिच्या हिशेबानं हे काम म्हणजे स्टोव्हची वात बदलण्याएवढं.

दिवाळीपासून त्याची कुरकुर चालू होती. सुरू करून आंघोळीला जावं, परत यावं, तरी पडद्यावर काही नसायचं. मग आतून टक टक आवाज यायला लागला. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीचं काम इतकी वर्षं माझ्याकडेच आहे, तेव्हा हा आवाज ओळखीचा. असा आवाज करणारी डिस्क काही दिवस चालते आणि एका सकाळी चालत नाही. तुमची नात, माझी मुलगी, फोनवर म्हणाली, "पेन ड्राइव्हमध्ये घ्या ना सगळं, अन नवा आणा. कायले जीव लावून राह्यले त्या डबड्याले?" तुम्ही गेलात तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. पुण्याला नोकरी करते, पण चिडली की बोली मंगरूळपीरचीच निघते.

तिला सांगितलं की फाईली नेता येतात, पण दुसरीकडे त्या उघडत नाहीत. शाळेतल्या मशीनवर मी तुम्ही केलेली एक लग्नपत्रिका उघडून पाहिली होती. बुद्धांचं चित्र तेवढं आलं, बाकी सगळ्या चौकोनांच्या रांगा. तुमचं ते जुनं पत्रिकांचं सॉफ्टवेअर आणि त्याचा मराठी फॉन्ट या एकाच मशीनला बांधलेले आहेत, आणि त्याची सीडी कधीची हरवली. म्हणून एकच उपाय राहिला. आख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. याला क्लोन करणं म्हणतात. जुनी डिस्क मधेच बंद पडली, तर तुम्ही केलेल्या सगळ्या पत्रिका गेल्या. आणि नातीची पत्रिका मला तुमच्याच अक्षरात करायची होती. वाशिमच्या प्रेसला मॅटर उद्या सोमवारी द्यायचं ठरलं आहे.

नवी डिस्क वायरनं बाहेरून जोडली. ती पत्त्यांच्या जोडाएवढी, आत फिरणारं काही नाही. मग प्रोग्राम विचारतो, कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं. इथे उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसून जातं. शाळेत हे काम मी बोलत बोलत करतो. आज आधी दार लोटून घेतलं आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ बोट ठेवून, मोठ्यानं, तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ही तुमची सवय आहे.

तुम्ही गिऱ्हाइकाला प्रूफ नुसतं हातात देत नव्हता. "वाचून दाखवा. मोठ्यानं. घाई नाई," म्हणून समोर बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, म्हणून कॉम्प्युटर घेतल्यावरही लोक तुम्हाला पेंटरच म्हणत राहिले. पाटीवर अक्षर चुकलं तर ते रस्त्यावर उभं राहतं, असं तुम्ही म्हणायचे. मी तेव्हा बावीस वर्षांचा, नोकरी नव्हती, दुकानात बसत होतो. टायपिंगमध्ये तुमच्यापेक्षा जलद होतो आणि तसं दाखवायचोही. नवीन पत्रिका आली की जुनीतला मजकूर उचलायचा, डकवायचा, नावं बदलायची, झालं. जवळच्या गावातल्या एका लग्नाची पत्रिकाही अशीच उरकली. तुम्ही कारंज्याला गेले होते, गिऱ्हाइकाला घाई होती, प्रूफ कुणी मोठ्यानं वाचलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत दुकानात आले. पांढरा सदरा, हातात आपली पत्रिका. तुम्ही ब्रश धूत होते.

"जयभीम पेंटर."

"जयभीम आजोबा. या, बसा."

"बसतो ना. पण आदी हे सांगा, मले कवा पोचवलं तुमी?"

तुम्हाला कळेना. त्यांनी पत्रिका पुढे धरली. नवरदेवाच्या नावाखाली आजोबा म्हणून त्यांचं नाव होतं, आणि नावाआधी कालकथित, म्हणजे आपल्यातलं कै. आधीच्या पत्रिकेतला तो शब्द माझ्या हातून तसाच राहिला होता.

"मी तं आता भाकर खाऊन आलो," ते म्हणाले. "मैतीले मानसं किती होते, तेवढं तं सांगा. सून म्हणे, मामाजी, तुमी पंगतीत बसू नोका, लोक भेतीन."

मला हसू आलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि ते थांबलं. तुम्ही ओले हात पुसले, त्यांच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, "आजोबा, चूक पोराची नाई, माई हाय." मला हे फार लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पत्रिका रातोरात नव्हे, दुसऱ्या दिवशी उजेडात परत छापल्या. मग तुम्ही मला सायकलवर त्यांच्या गावी पाठवलं. घरोघर जाऊन जुनी पत्रिका परत घ्यायची, नवी द्यायची, आणि काय चुकलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. एका बाईनं दारातूनच विचारलं, "पयले हे सांग बापा, लग्नाले येऊ का बुढ्याच्या पुण्यानुमोदनाले?" आख्खी गल्ली हसली. संध्याकाळी परत आलो तेव्हा तुम्ही मला जवळ बसवलं. आवाज चढवला नाही. "कै. असो का कालकथित, तो शब्द उचलून डकवाचा नाई. इचाराचं, कोन गेलं, कवा गेलं. समोरचा सांगन ते आयकाचं. अन मंग हातानं टाकाचा. एकेक अक्षर. तेवढा येळ त्या मानसाचा असते."

म्हातारे नंतर कितीतरी वर्षं जगले. बाजाराच्या दिवशी दुकानासमोरून जाताना ओरडायचे, "पेंटर, आहो ना मी!" आणि तुम्ही आतून, "आहा, तुमी आहा आजोबा!"

आज हे सगळं आठवायला वेळ मिळाला, कारण त्रेसष्ट टक्क्यांवर क्लोन अडकलं. जुनी डिस्क टक टक करते आहे आणि आकडा हलत नाही. अशा वेळी हात लावायचा नसतो. डिस्क खराब जागा पुन्हापुन्हा वाचून पाहत असते. मी खुर्ची मागे घेतो आणि हात मांडीवर ठेवून बसतो, तुमच्या वेळी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलो होतो तसा. आई आत आली, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाटीभर सोले ठेवून गेली. पाऊण तासानं चौसष्ट झाले.

मग शंभर झाल्यावर बंद करून मागचा स्क्रू काढला, झाकण सरकवलं. आत धूळ, आणि पंख्याजवळ निळ्या ऑइल पेंटचा एक वाळका थेंब. झाकण तुम्हीही कधी उघडलं असणार, हे मला माहीत नव्हतं. थेंब तसाच राहू दिला. जुनी डिस्क काढली, ती गरम होती. त्याच दोन वायरी नव्या डिस्कला लावल्या आणि बटण दाबलं. वीस सेकंदांत पडदा आला. सगळं जागच्या जागी. तुम्ही फोल्डरला गिऱ्हाइकांची नावं देत नव्हता, ओळख द्यायचे. शिरपूरचे उंच. दोन जावई मास्तर. पाटील, धाकटी. मी एकेक उघडून पाहिलं, अक्षरं नीट होती. दोन-तीन उघडले नाहीत, ते गेले. एका फोल्डरचं नाव होतं, आहो ना मी.

ते सोडून आधी नातीची पत्रिका घेतली. माझ्या लग्नाची तुम्ही केलेली पत्रिका उघडली, तीच चौकट ठेवली. तारीख, स्थळ, मंगल परिणय, नवरदेवाकडचं सगळं भराभर झालं. मग ओळ आली, अमुक यांची नात. अमुक म्हणजे तुम्ही. आईला सांगितलं होतं की आज पत्रिका करतो आहे. ती दारातून म्हणाली, "बाबाचं नाव बराबर टाकजो." आणि शेजारी गेली.

अकरा वर्षांत तो शब्द तुमच्या नावाआधी मी कधी लिहिला नाही. सातबाऱ्यावर 'मयत' हे तलाठ्यानं लिहिलं. तुमच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका मामांनी वाशिमहून आणली, ती मी वाचलीसुद्धा नाही. आज विचारायला समोर कुणी नव्हतं. कोण गेलं, कधी गेलं, सांगणारा मीच. पहिलं अक्षर टाकलं, खोडलं. पुन्हा दोन टाकली, खोडली. मिनिटाला साठ शब्दांचा वेग असलेला माणूस मी, पाच अक्षरं पूर्ण होईनात.

मग 'आहो ना मी' उघडलं. त्यात त्यांच्या धाकट्या नातवाची पत्रिका होती. तोपर्यंत म्हातारे खरंच गेले होते आणि मी शाळेत लागलो होतो, म्हणजे ती तुम्हीच केलेली. त्यांच्या नावाआधी कालकथित होतं. ते तुम्ही विचारून, ऐकून, हातानं टाकलेलं असणार, एकेक अक्षर.

बाबा, मी तो शब्द तिथून उचलला आणि तुमच्या नावाआधी डकवला. तुम्ही एकच गोष्ट करू नको म्हणून सांगितली होती, ती केली. आईला सांगणार नाही. प्रेसवाल्याला कळणार नाही. हा कागद जुन्या डिस्कबरोबर तुमच्या ब्रशांच्या डब्यात जाईल.

मग पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली, घाई न करता. चूक नव्हती. झाकण सरकवलं आणि मागचा एक स्क्रू घट्ट केला.